नळीतलं जाळं

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं. तोवर घर अगदी चिडीचूप होतं. मी दाराकडे तोंड करून, डोळ्यांवर हात ठेवून उभी होते. झाकण एकदाचं थांबलं. मग ओट्याखालच्या कपाटातून दाबलेलं हसू आलं, आणि त्यापाठोपाठ स्वतःलाच केलेलं "शूऽ".

माझी लेक मुंगी कुठे आहे हे आता शेजाऱ्यांनाही कळलं असेल. पण चार वर्षांच्या मुलीला इतक्या पटकन शोधून काढणं म्हणजे तिचा अपमान. मी पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, सासूबाईंच्या खुर्चीमागे पाहिलं आणि दर ठिकाणी मोठ्यानं सांगितलं, "इथे दिसली नाही. इथेही दिसली नाही."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सरळ नाही म्हण की. घरातसुद्धा रिपोर्ट देतेस."

इस्पितळाच्या जंतूंच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासूनची ही खोड आहे. आमच्याकडे 'जंतू नाहीत' असं कोणी लिहीत नाही. 'जंतू दिसले नाहीत' असं लिहितात. एकदा मी सासूबाईंना समजावायला गेले, की पलंगाखाली मुंगी दिसली नाही म्हणून घरात मुंगीच नाही असं होत नाही ना, तसंच हे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. तेव्हापासून चष्मा सापडेनासा झाला की मला हाक मारून कळवतात, "अगं, चष्मा दिसला नाही, असा रिपोर्ट आहे."

कपाटाच्या दाराला हात घातला आणि फोन वाजला.

मुलांच्या वॉर्डातला तरुण डॉक्टर होता. आवाज दमलेला, पण सुटकेचा. "मॅडम, खिडकीजवळच्या मुलीचा रिपोर्ट पाहिला. म्हणजे टीबी नाही ना?"

"मला दिसला नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

"तेच नाही, डॉक्टर. तुम्ही पाणी किती पाठवलं होतं, आठवतंय का?"

त्यालाही आठवत असणार. ती मुलगीही चारच वर्षांची. आधी ताप, मग उलट्या, मग दिवसभर झोप, आणि मान ताठ. मेंदूच्या आवरणाला सूज आली आहे हे दिसतच होतं. ती कशानं, हे कळत नव्हतं. अशा वेळी पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढतात आणि तीन ट्यूबमध्ये वाटतात. पहिली साखर आणि प्रथिनं मोजायला जाते, दुसरी पेशी मोजायला, आणि उरलंसुरलं आमच्याकडे, जंतू शोधायला. ही पद्धत कोणी पाडली कोण जाणे. शोधायचं काम सगळ्यात अवघड आणि त्याच्याच वाट्याला तळाशी टेकलेले चार थेंब. मेंदूच्या टीबीत त्या पाण्यात जंतू मुळातच मोजके असतात. भरल्या ट्यूबमध्ये ते सापडताना मारामार, तिथे थेंबात काय हाताला लागणार? मशीनवरच्या चाचणीलाही काही मिळालं नव्हतं. जंतू वाढवून पाहायला कल्चर लावलं होतं, पण हे जंतू वाढायला आठवडे घेतात. त्या मुलीजवळ आठवडे नव्हते.

वॉर्डाची अडचणही खोटी नव्हती. तिला नुकतीच कावीळ होऊन गेली होती. टीबीची औषधं यकृताला जड जातात आणि तिचं यकृत अजून सावरायचं होतं. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, पुरावा आणा, त्याच मिनिटाला औषध सुरू करतो. नुसत्या संशयावर या पोरीचं यकृत पणाला लावणार नाही. एरवी ते संशयावरच औषध सुरू करणारे गृहस्थ. आणि पुरावा आणायचा कोणी, तर मी.

"मग त्यांना सांगू काय?" तरुण डॉक्टर म्हणाला. "त्यांना हो किंवा नाही हवंय."

"सांगा, अजून धड पाहिलेलंच नाही. भरपूर पाणी पाठवलंत तर पाहता येईल."

फोन ठेवून वळले, तर मुंगी कपाटाबाहेर येऊन कमरेवर हात देऊन उभी. केसांत जळमट. "तू मला शोधलंच नाहीस," ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी माझ्या हातून जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच वॉर्डात गेले. आम्ही प्रयोगशाळेतली माणसं सहसा तिकडे फिरकत नाही. आमची ओळख ट्यूबशी. तिच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे माहीत नसलेलं बरं असतं. त्या टोकाला एक मुलगी उजेडाकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. शेजारी तिची आई, बस कंडक्टरच्या गणवेशात, ड्यूटीवरून तशीच आलेली. मुलीनं झोपेतच आईच्या बाहीचं बटण मुठीत धरलं होतं.

"ओढून ओढून सैल केलंय तिनं," आई म्हणाली. "तुटलं तर साहेबांची बोलणी खावी लागतील. पण सोडवून घ्यायला हात होत नाही, ताई."

मी कोण, काय काम करते, ते सांगितलं. तिनं विचारलं, जंतू मिळाला का? मी म्हटलं, अजून नाही.

"मग बरंच आहे ना?"

काय सांगणार? बरं नाही हो, मिळायला हवा, मिळाला तर औषध देता येईल, असं मी तिला सांगत राहिले, आणि सांगतानाच मला ते विचित्र वाटायला लागलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हसायचा प्रयत्न केला. "तुमचं सगळं उलटंच आहे ताई. आमच्याकडे तिकिटाविना कोणी सापडलं नाही की आम्ही खूश."

तरुण डॉक्टरशी मात्र वाद घालावा लागला. एवढ्याशा जिवातून एवढं पाणी काढायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा येत होता. मी त्याला सांगितलं की शरीर ते पाणी काही तासांत पुन्हा तयार करतं, आणि तपासून, बेतानं, चमचाभराहून थोडं जास्त काढलं तर मुलीला अपाय नाही. त्यानं मोठ्या डॉक्टरांना विचारलं, आईची परवानगी घेतली. दुपारी ट्यूब माझ्या हातात आली. चांगली भरलेली. उजेडात धरली तर नळाचं पाणी वाटावं इतकी स्वच्छ, फक्त कडेला किंचित धुरकट.

मशीनला लागणारी पाकिटं नेमकी संपली होती. मागणी कधीच गेली होती. माल वाटेत आहे, असं उत्तर रोज येत होतं. वाटेत म्हणजे कुठल्या वाटेत, ते कोणाला सांगता येत नव्हतं. तेव्हा जुना उपाय करायचं ठरवलं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या की या पाण्याला उभं राहू द्या, त्याच्या मागे लागू नका. ट्यूब हलवली नाही तर त्यातली प्रथिनं हळूहळू एकमेकांत गुंफतात आणि पृष्ठभागापासून खाली एक तलम जाळं लोंबायला लागतं, कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्यासारखं. पाण्यात भरकटलेले जंतू त्यात अडकतात. मग सगळं पाणी धुंडाळायला नको. जाळं तेवढं उचलून काचेवर घ्यायचं.

मी ट्यूब स्टँडला लावली, स्टँड टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला सरकवला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली, की या ट्यूबला हात लावू नये, जाळं धरू द्यायचं आहे. खाली माझी सही. संध्याकाळपर्यंत स्वतः बसणार होते.

तेवढ्यात घरून फोन. मुंगीला ताप.

दुपारच्या पाळीला येणारी माझी जोडीदारीण अजून पोचली नव्हती. तिला फोन लावला, लागला नाही. चिठ्ठी पुन्हा एकदा दाबून चिकटवली आणि घरी पळाले.

पोचल्याबरोबर पर्ससुद्धा न काढता मुंगीपाशी बसले. "हनुवटी छातीला लाव बघू."

तिनं लावली. वर जीभ काढून दाखवली.

"पुन्हा."

"सर्दी आहे गं ती," सासूबाई म्हणाल्या. "नाक बघ, नळ सोडल्यासारखं वाहतंय. तुझ्या त्या ट्यूबा घरी आणू नकोस."

सर्दीच होती. मला ते कळत होतं. तरी झोपेपर्यंत काहीतरी निमित्त काढून मी तिची मान वाकवून पाहत राहिले: गळ्यातला टॉवेल सरळ करायचा म्हणून, पोटावरचा तीळ दाखव म्हणून. प्रत्येक वेळी मान मऊसूत वाकली, आणि प्रत्येक वेळी मला ती दुसरी मान आठवली. मुंगी शेवटी कंटाळली. "आता हनुवटी संपली," म्हणाली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

सकाळी तिचा ताप उतरला होता. मी प्रयोगशाळेत गेले तर टेबल लख्ख पुसलेलं, स्टँड धुऊन उपडे घातलेले, आणि माझी चिठ्ठी बेसिनच्या कडेला ओली होऊन चिकटलेली. ट्यूब नव्हती.

माझ्या जोडीदारणीला आम्ही टापटीप म्हणतो. ती पेनंसुद्धा उंचीप्रमाणे लावते. तिनं रंगवलेल्या स्लाइडवर मी कधी एक फालतू डाग पाहिलेला नाही. त्या दिवशी ती काही कामासाठी लवकर आली होती आणि कोट चढवत होती. मी विचारलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कसलीही भीती नव्हती. उलट, एक काम वेळेवर उरकल्याचं समाधान होतं. संध्याकाळी सगळ्या ट्यूब दुसरीकडे काढून स्टँड धुवायचे, हा तिचा स्वतःचा नियम. चिठ्ठी स्टँडबरोबर पाण्यात गेली, ती तिनं पाहिलीच नाही.

"आणि तुझी ती ट्यूब गोठली होती," ती म्हणाली. "तिरपी करून पाहिली तर आत तारा. परत केली."

"परत केली म्हणजे?"

"गोठलेलं सँपल घ्यायचं नाही. तक्त्यात आहे." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

"तो नियम रक्ताचा आहे."

"तिथे रक्त असं कुठे लिहिलंय?"

मी जाऊन वाचलं. खरंच लिहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते कोणाला लिहावंसं वाटलं नव्हतं, कारण आमच्याकडे गोठून येतं ते रक्तच. मला तिच्यावर ओरडायचं होतं, आणि ओरडायला कारण मिळत नव्हतं. जे जाळं धरावं म्हणून मी ट्यूब उभी केली होती, ते धरलं होतं. धरलं म्हणूनच ती परत गेली होती.

वॉर्डला काय कळवलंस, असं विचारलं. सँपल खराब आहे, पुन्हा पाठवा, एवढंच, असं ती म्हणाली.

मी वॉर्डात फोन केला. तरुण डॉक्टरचा आवाज आज वेगळाच होता. मोठे डॉक्टर तिसऱ्यांदा सुई घालायला तयार नव्हते. आई तर ऐकूनच घेत नव्हती. तुमच्याकडून पाणी खराब होतं आणि टोचून घ्यायचं आमच्या पोरीनं, असं म्हणाली. तिला काय चूक म्हणणार? आणि पहाटेपासून मुलगी हाकेला नीट उत्तर देत नव्हती.

फोन ठेवला. टापटीपनं माझं बोलणं ऐकलं होतं. तिचा हात कोटाच्या बटणावरच थांबला होता.

"ट्यूब कुठे टाकलीस?" मी विचारलं. आवाज शक्य तितका खाली ठेवून.

"टाकीन कशी?" ती म्हणाली. "परत केलेलं सँपल वॉर्डाकडून नवं येईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचं. तेही तक्त्यात आहे."

तिचे पाय धरावे की गळा, मला समजेना. मी फ्रीजकडे धावले. खालच्या कप्प्यात, 'परत' असं सुरेख अक्षरात लिहिलेल्या डब्यात, ती एकटीच उभी होती. झाकण घट्ट. मी ती उजेडात धरली. जाळं मोडलं होतं. ट्यूब तिरपी केल्यावर ते एका बाजूला कोसळून काचेला चिकटलं होतं, भिजलेल्या दोऱ्याच्या गुंत्यासारखं. पण होतं.

धातूच्या बारीक तारेनं मी ते उचलायला गेले, तर टापटीपनं तार माझ्या हातातून घेतली. तिनं तो गुंता काचेवर अलगद ठेवला, पसरला, वाळू दिला. लाल रंग ओतून खालून आच दिली. आम्लानं धुतलं, वर निळा रंग चढवला. या धुण्यात बाकीचं सगळं लाल रंग सोडतं आणि मग निळं होतं. टीबीचा जंतू हट्टी, तो लालच राहतो. तिचं काम इतकं संथ आणि नेटकं होतं की मला तिचा राग येत होता आणि त्याच वेळी जीव भांड्यात पडत होता.

मग मी मायक्रोस्कोपला डोळे लावले.

निळं. निळ्या तारा, निळ्या पेशी, पुन्हा निळं. काच केसभर सरकवायची आणि पुन्हा निळं. मधेच कोणीतरी स्टेपलर मागायला आलं. कोणी लघवीच्या रिपोर्टसाठी फोन केला आणि आजच हवा म्हणून माझ्यावर चिडला. मान आखडली. पाठ आखडली. एका ठिकाणी लाल दिसलं, तर तो रंगाचा खडा निघाला. हवं असलेलं दिसायला लागतं, ही या कामातली सगळ्यात वाईट खोड. दोन वेळा मला जंतू दिसला आणि दोन्ही वेळा तो नव्हता. मनात मी त्याच्याशी भांडायला लागले होते: ये ना बाबा बाहेर, कंटाळा आला आता, खेळ पुरे.

मग एका निळ्या तारेला लागून एक बारीक लाल काडी दिसली. जरा वाकलेली. मी डोळे मिटले, उघडले. तिथेच होती.

काच दुसरीकडे सरकवून टाकली आणि टापटीपला म्हटलं, तू बघ, तुला काय दिसतं ते. माझ्या हव्यासावर माझाच विश्वास नव्हता. ती बसली. ती बसते तेव्हा पाठ सरळ ठेवते, शाळेत फोटो काढताना ठेवतात तशी. बराच वेळ ती काच सरकवत राहिली. मी खिडकीतून बाहेरच्या पार्किंगकडे पाहत राहिले. एक माणूस गाडी लावायला जागा शोधत गोल गोल फिरत होता.

"दिसला," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "इथे दोन आहेत."

मी पाहिलं. लाल, बारीक, जाळ्याच्या तारेत तिरपे अडकलेले.

टापटीप चष्मा काढून पुसत होती. स्वच्छच होता तो. "हे काल संध्याकाळी माझ्या हातात होते," ती म्हणाली. मी फोनकडे गेले.

रिपोर्ट मी स्वतः घेऊन गेले. मोठ्या डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या वाचला, यकृताला झेपतील अशी औषधं आणि त्यांचं प्रमाण तिथल्या तिथे ठरवलं, नर्सला आत्ता द्यायला सांगितलं. मग माझ्याकडे पाहून, अजिबात वाईट हेतू नसलेल्या आवाजात म्हणाले, "काल मिळालं असतं तर फार बरं झालं असतं." मी मान हलवली. गोठलेलं, तक्ता, स्टँड, बेसिन, चिठ्ठी, सगळं घशापर्यंत आलं होतं. ते तिथे सांगून कोणाचं काय भलं होणार होतं?

खिडकीजवळ आई कालच्याच गणवेशात बसली होती. औषध नळीतून जाताना ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"सापडला?" तिनं विचारलं.

"सापडला."

आनंद दाखवायचा की नाही ते तिला कळेना, आणि मलाही. मुलीचा हात चादरीवर उघडा पडला होता. आईनं स्वतःची बाही तिथवर नेऊन बटण तिच्या बोटांखाली ठेवलं होतं. बोटं मिटत नव्हती.

"आता उठेल?" आईनं विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की औषध आता सुरू झालंय, योग्य तेच आहे, आणि वाट पाहायची. मग ती म्हणाली, "पण काल तर पाणी खराब झालं म्हणाले होते."

"खराब नव्हतं झालं," मी म्हटलं. मी तिच्या सैल बटणाकडे पाहत उभी राहिले, आणि मग कामाचं निमित्त करून निघाले.

घरी पोचले तेव्हा मुंगीचं नाक अजून वाहत होतं, पण खेळायला ती टुणटुणीत होती. परवाचं बाकी आहे, तू अर्धवट सोडलंस, असा हिशोब तिनं दारातच मांडला. मी दाराकडे तोंड करून आकडे म्हटले. या वेळी झाकण पडलं नाही; ती शहाणी झाली होती. मी पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. "इथे दिसली नाही" असं म्हणायला गेले, आणि त्याऐवजी पुन्हा पलंगाखाली वाकून पाहिलं. सासूबाईंनी भाजीतून मान वर केली, मला एकदा नीट पाहिलं, आणि या वेळी काही टोमणा मारला नाही. नुसतं डोळ्यांनी कपाट दाखवलं.

मी कपाट उघडलं. मुंगी पातेल्यांमागे दुमडून बसली होती. मीही तिथेच फरशीवर बसले. ती बाहेर न येता झाकण मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तुला तुझा तो सापडला का?" तिनं विचारलं. दुसऱ्या एका मुलीच्या अंगात कोणीतरी लपलंय आणि आई त्याला शोधतेय, एवढं तिला मी सांगितलं होतं.

"हो. आज सापडला."

"कुठे होता?"

"पाण्यात एक जाळं झालं होतं. त्यात अडकून बसला होता."

तिनं विचार केला. तिचा विचार चालू असला की खालचा ओठ बाहेर येतो. मी हात पुढे करून तिच्या केसांतलं जळमट काढलं. पातेल्यांमागून ती थोडी पुढे सरकली आणि माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "मग आई, काल तो कुठे होता?"